आठ दिवस फेकू नका

मिस्तरींचं खरं आडनाव त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना 'आठदिवसे' म्हणत. "आठदिवस्यांना फोन लावा, मशीन अडकलंय," असं लोक इतक्या सहज म्हणत की एकानं लग्नाच्या आमंत्रणाच्या पाकिटावरही तेच नाव घातलं होतं. मिस्तरींनी ते पाकीट घरी आणून बायकोला दाखवलं. "घ्या, आता तुम्हीही आठदिवसे झालात," असं तेच तिला म्हणाले, आणि ती हसता हसता दम लागून खुर्चीत बसली.

नाव पडायचं कारण साधं होतं. मिस्तरी तीस वर्षं घरोघर जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करत होते आणि या धंद्यात विश्वास नावाची चीज औषधालाही सापडत नाही. मिस्तरी येतो, मशीन उघडतो, 'पार्ट बदलला' म्हणतो. बदलला की नुसता पुसला, कुणाला कळतंय? म्हणून मिस्तरींनी पहिल्या दिवसापासून एक शिस्त पाळली होती. काढलेला जुना पार्ट ते कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि बजावून सांगायचे, "आठ दिवस फेकू नका. नवीन रुळला नाही तर मला बोलवा, हाच परत बसवून देतो." तीस वर्षांत असा परत बसवायची वेळ चार-पाचदाच आली असेल. पण आली तेव्हा त्यांनी कुरकुर न करता बसवून दिला होता.

बायकोची आणि त्यांची गाठही मशीनमुळेच पडली. ती तेव्हा मावशीकडे राहून शिवण शिकत होती. मिस्तरी मशीन दुरुस्त करायला आले, पार्ट कागदात बांधून दिला आणि आठ दिवसांचं सांगून गेले. नवव्या दिवशी हिनं निरोप पाठवला की नवीन पार्ट काही रुळला नाही. मिस्तरी धावत आले. बघतात तर मशीन लोण्यासारखं चालतंय. "मग बोलावलंत कशाला?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आठ दिवस संपले, तरी तुम्ही विचारायलाही आला नाहीत, म्हणून." पुढचं सांगायला नको.

लग्नानंतर घराच्या पुढच्या खोलीत तिनं शिवणाचा क्लास काढला. खोलीत चार मशीनं, भिंतीला कापायचं टेबल आणि दारात चपलांचा ढीग. शिकणाऱ्या मुली तिला 'बाई' म्हणत आणि घाबरत, कारण वाकडी शिवण बाईंच्या नजरेतून सुटत नसे. ती ओरडत नसे. उसवणीची कात्री पुढे सरकवायची, बस.

मग सहा वर्षांपूर्वी एका साध्या तापानं घात केला. ताप गेला, पण जाताना तिच्या हृदयावर हात मारून गेला. हृदय सुजून मोठं झालं होतं, ढिलं पडलं होतं, भरलेलं रक्त पुढे ढकलायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. मीठ बंद झालं. प्यायचं पाणीसुद्धा मापून प्यायची वेळ आली. आधी जिना सुटला, मग बाजार सुटला, मग उभं राहून कापणं सुटलं. क्लास मात्र तिनं सोडला नाही. उशांना टेकून बसायची आणि बसल्या जागेवरून कात्री सरकवायची. रात्री आडवं पडलं की गुदमरायला व्हायचं म्हणून झोपही बसूनच.

मोठे डॉक्टर, म्हणजे हृदय बदलायचं ऑपरेशन करणारे सर्जन, म्हणाले, "हे हृदय वर्षभर काढेल. फार तर दीड वर्ष. दुसरं बसवायचा विचार करा."

मिस्तरींनी विचार केलाच नाही. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पार्ट झिजला की बदलायचा, यात विचार काय करायचा? पण बायको ऐकेना. तिचं एकच पालुपद असायचं, "चालतंय ना? मग चालू द्या की."

"अगं, हे काय चालणं झालं? तीन पायऱ्या चढलीस की तोंड निळं पडतं तुझं."

"निळं तर निळं. मला रंग शोभतो."

थट्टेवारी नेण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मिस्तरीही हट्टाला पेटले. दोन महिने त्यांनी तिचं डोकं खाल्लं. प्रत्यारोपण होऊन सात वर्षं झालेला एक पोस्टमन शोधून त्याला घरी चहाला बोलावलं. तो तिच्यासमोर जिना दोनदा चढून उतरून दाखवून गेला. लेकीनं मध्ये पडून सांगितलं, "बाबा, तिचं हृदय आहे, तिला ठरवू द्या." लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि स्वभावानं एक घाव दोन तुकडे. गिऱ्हाइकाला शेवटची ओळ दिसली नाही तर 'दिसेल हळूहळू' असलं गुळमुळीत ती कधी बोलायची नाही. 'दिसत नाही, नंबर वाढलाय,' असं सरळ तोंडावर. तिचं मिस्तरींनी ऐकलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

इस्पितळात दोघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. शंभरातल्या किती जणांचं चांगलं होतं, किती जणांचं होत नाही, शरीर नवीन हृदय नाकारू शकतं, जन्मभर गोळ्या, जंतूंची भीती. बायकोनं सगळं मान डोलवत ऐकून घेतलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न तिनं घरी आल्यावर विचारला, क्लासच्या मुली गेल्यावर, मशीनवर कापड झाकता झाकता.

"अहो, एक विचारू? हसायचं नाही. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली मला."

"विचार की."

"नवीन नाही चाललं तर जुनं परत बसवतात ना? ठेवतात ना ते, आठ दिवस तरी?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. हाच प्रश्न मिस्तरींनी स्वतः आठवडाभर आधी मोठ्या डॉक्टरांना बाहेर गाठून विचारला होता. त्यांच्याही मनात तोच आला होता. दुसरा कुठला येणार? डॉक्टर हसले नव्हते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "नाही मिस्तरी. काढलं की ते तपासायला जातं. परत बसवता येत नाही. हा रस्ता एकाच बाजूनं जातो."

म्हणजे मिस्तरींना उत्तर पक्कं माहीत होतं. समोर बायको मशीनवरच्या कापडाची घडी हातात धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर प्रथमच 'हो' म्हणायची तयारी दिसत होती. एका शब्दाचा प्रश्न होता. तीस वर्षांत ज्यानं गिऱ्हाइकाला जुना पार्ट नवा म्हणून लावला नाही, तो माणूस स्वतःच्या बायकोला म्हणाला, "ठेवतात की. आठ दिवस ठेवतात."

"बघा हं."

"अगं, मी विचारलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली.

त्यानंतर अकरा महिने यादीत नाव आणि जीव टांगणीला. फोन अंघोळीलाही सोबत न्यायचा. शहर सोडायचं नाही. या अकरा महिन्यांत खरं सांगून टाकायची तीनशे तरी संधी आल्या असतील. मिस्तरींनी प्रत्येक वेळी मनाशी म्हटलं, नवीन बसेल, चालेल, मग हसत हसत सांगू. तीही हसेल. कात्री पुढे सरकवेल फार तर.

ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी सकाळी मिस्तरींनी बायकोच्या स्वतःच्या मशीनचं शटल, म्हणजे खालचा दोरा फिरवणारा पार्ट, बदललं होतं. महिनाभर ते टाके सोडत होतं. "चालतंय ना, राहू द्या," असं ती म्हणालीच, पण मिस्तरींनी ऐकलं नाही. जुनं शटल कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलं. तिनं पेन्सिल घेऊन कागदावर आठव्या दिवसाची तारीख घातली आणि पुडी मशीनच्या खणात टाकली. हा तिचा नेहमीचा खेळ. नवऱ्यालाही सूट नाही.

दुपारी मिस्तरी एका शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात मशीन उघडून बसले होते तेव्हा फोन वाजला. दुसऱ्या गावात अपघातात मेंदू गेलेला एक जण होता, घरच्यांनी होकार दिला होता, रक्तगट जुळत होता. मिस्तरींनी आयुष्यात पहिल्यांदा मशीन उघडं टाकलं. स्क्रू तसेच पेल्यात ठेवून ते उठले.

तिला आत नेताना ती भेदरली नव्हती. लेकीला म्हणाली, "मुलींना सांग, बटणांची काजं नीट करायला शिका तोवर." आणि मिस्तरींकडे बघून आठ बोटं दाखवली, एका हाताची पाच आणि दुसऱ्याची तीन. मिस्तरींनी मान हलवली. लेकीला वाटलं, दोघांचं काहीतरी जुनं चाललंय. होतंही तसंच.

संध्याकाळी हृदय आलं, बसवलं गेलं, टाके पडले. मग मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीखालून घाम ओघळत होता. पुढची गोष्ट त्यांनी खुर्ची ओढून, समोर बसून सांगितली. हृदय सुरू झालं होतं, पण जोर धरत नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी रक्त फिरवणारं यंत्र बंद करायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा रक्तदाब कोसळला. आता एक्मो नावाचं दुसरं यंत्र लावलं होतं. जाड नळीतून रक्त बाहेर येतं, यंत्र त्यात प्राणवायू मिसळतं आणि परत आत ढकलतं. तोवर नव्या हृदयाला विश्रांती.

"म्हणजे नाकारलं का शरीरानं?" लेकीनं विचारलं.

"नाही. नाकारण्याइतका वेळच झाला नाही. पहिल्या चोवीस तासांतच नवीन हृदय दुबळं पडतं, असं काही जणांच्या बाबतीत होतं."

"कशामुळे?" मिस्तरी म्हणाले.

"प्रवासात थोडा वेळ गेला, तो मर्यादेत होता. तुमच्या पत्नींच्या फुप्फुसांतला दाब थोडा जास्त होता, तोही मर्यादेत होता. दात्याचं हृदय आम्ही तपासलं तेव्हा उत्तम होतं. खरं सांगायचं तर पुष्कळदा एक असं कारण हाताला लागत नाही."

मिस्तरींच्या डोक्यात हे शिरेना. मशीन बिघडतं आणि कारण नसतं, असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. सुई वाकडी असते, दोरा चुकीचा असतो, कुठेतरी कापसाचा गुंडा अडकलेला असतो. कारण सापडत नसेल तर मिस्तरी कच्चा, असा हिशेब. पण समोरचा मिस्तरी कच्चा नव्हता, हे त्यांना त्याचे हात बघूनच कळत होतं.

"थांबू," डॉक्टर म्हणाले. "काही हृदयं दोन-चार दिवसांत सावरतात."

बसवलं तो पहिला दिवस, अशी मिस्तरींची मोजायची पद्धत. दुसऱ्या दिवशी तपासणीत हृदयाची डावी बाजू किंचित हलताना दिसली आणि लेकीनं इस्पितळाच्या बाकावर बसून दोन घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी तेवढंच. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं बसली आणि पलंगाशेजारी आणखी एक यंत्र आलं. दुसरं हृदय शोधायचं का, असं लेकीनं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. मूत्रपिंडं गेलेली, रक्तात जंतू शिरलेले. अशा वेळी यादीत नाव घालताच येत नाही, आणि घातलं तरी तिचं शरीर दुसरं ऑपरेशन सोसणार नाही. या हृदयानंच सावरायला हवं होतं.

आतली खोली मिस्तरींना पाठ झाली होती. दारातला हात धुवायचा नळ कोपरानं उघडायचा, निळा अंगरखा मागून बांधायचा. पलंगाभोवती सहा यंत्रं होती आणि मध्ये बायको एवढीशी दिसायची. नळीतलं रक्त बाहेर येताना काळपट असे आणि आत जाताना लालभडक. मिस्तरी त्या नळ्यांकडेच बघत राहायचे, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी मेंदू कसा आहे हे बघायला तिची गुंगीची औषधं कमी केली. सकाळी नर्सनं दोघांना आत बोलावलं. घशात नळी असल्यामुळे बायकोला बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते आणि ते डोळे तिचेच होते. तिनं लेकीला ओळखलं. बोटं हलवून काहीतरी मागितलं. नर्सनं एक पाटीवजा फळा तिच्या हाताखाली धरला आणि जाड पेन बोटांत दिलं. फार वेळ लागला. अक्षरं एकमेकांवर चढली होती, पण वाचता येत होती.

'जुनं बसवा.'

"काय म्हणतेस, आई?" लेक वाकली. "काय जुनं?"

बायको लेकीकडे बघत नव्हती. ती मिस्तरींकडे बघत होती. 'सांगा ना यांना,' असं ते बघणं होतं.

"होतं असं," नर्स हळूच म्हणाली. "इतक्या औषधांनी पेशंट थोडे भ्रमात जातात. काहीही लिहितात." आणि तिनं तक्त्यावर तशी नोंद केली. मिस्तरींनी तिला करू दिली.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी बापलेकीला छोट्या खोलीत बसवलं. एक टेबल, तीन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा डबा एवढंच त्या खोलीत होतं. तो डबा बघितला की पुढे काय ऐकायला मिळणार हे कळायचंच. डॉक्टर म्हणाले की हृदय सावरत नाहीये. वर मेंदूवरही परिणाम झाल्यासारखं दिसतंय, सकाळी त्यांनी असंबद्ध काहीतरी लिहिलं.

"नाही," मिस्तरी म्हणाले. "असंबद्ध नाही ते."

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. मिस्तरींनी टेबलावर हात ठेवले होते आणि नखांतलं मशीनचं काळं तेल इतके हात धुऊनही गेलेलं नव्हतं.

"ती पूर्ण शुद्धीवर आहे. मीच तिला सांगितलं होतं. नवीन नाही चाललं तर जुनं परत बसवतात. आठ दिवस ठेवतात, म्हणून. त्यावर तिनं सही केली." मग त्यांना वाटलं की अजून काहीतरी राहिलं, म्हणून ते म्हणाले, "आज पाचवा दिवस आहे."

डॉक्टरांनी तक्ता पुढे ओढला आणि नर्सनं लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली.

"यानं काही बदलेल का?" मिस्तरींनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं मन शाबूत आहे, एवढंच आपल्याला कळलं."

जिन्यात आल्यावर लेक फुटली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं? सही करायच्या आधी?"

"हो."

"अकरा महिने?"

"हो."

"गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाही म्हणून गावभर मिरवता! आणि तिला? ती आत वाट बघत पडलीये, बाबा. ती निरोप घेत नाहीये, काही सांगत नाहीये, कारण तिला वाटतंय अजून तीन दिवस हातात आहेत. कोण येणार आहे जुनं बसवायला? सांगा ना!"

मिस्तरी कठड्याला धरून पायरीवर बसले. खालून वर येणारी एक बाई त्यांना वळसा घालून गेली. त्यांना वाटलं, लेकीनं मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"उद्या सकाळी तुम्ही आत जायचं आणि तिला खरं सांगायचं," लेक म्हणाली. "मी सोबत येणार. तुमच्यावर माझा विश्वास नाही."

सहाव्या दिवशी सकाळी दोघं आत गेली. बायको जागी होती, त्यांचीच वाट बघत होती. रात्रीतून तिचा चेहरा पिवळा पडला होता. मिस्तरींना बघताच तिनं फळ्याकडे बोट केलं. कालची अक्षरं नर्सनं पुसली होती, पण तिला नव्यानं लिहायची गरज वाटली नाही. तिनं नुसत्या भुवया उंचावल्या, म्हणजे विचारलंत का?

मिस्तरींनी तिचा हात हातात घेतला. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. 'अगं, माझं चुकलं,' इथून सुरुवात करायची होती. 'अगं,' एवढं म्हणून झालं आणि पुढचं तोंडातून बाहेरच येईना. पाठीमागे लेक उभी होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता. आता ही मला ढोसणार, आता ही स्वतःच सांगून टाकणार, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"परवा, आई," लेक म्हणाली.

मिस्तरींनी डोळे उघडले.

"परवा बसवतायत जुनं. डॉक्टरांशी बोललोय आम्ही. व्यवस्थित ठेवलंय त्यांनी. आठवा दिवस परवाच येतो ना, म्हणजे मुदतीत होणार." लेकीचा आवाज दुकानात नंबर सांगते तसा सपाट होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी सरळ तोंडावरच्या मास्कमध्ये उतरत होतं. "तू फक्त पडून राहा."

बायकोनं डोळे मिटले, उघडले. तिच्या कपाळावरची आठी गेली. गेले सहा दिवस ती आठी तिथे होती हे मिस्तरींना ती गेल्यावर कळलं. तिनं पेन मागितलं. लेकीनं फळा धरला, आणि यावेळी अक्षरं कालच्यापेक्षा बरी आली.

'क्लास सोमवारपासून.'

"हो," लेक म्हणाली. "सांगते मुलींना."

याशिवाय तिनं काही लिहिलं नाही. नवऱ्याला काही सांगितलं नाही, लेकीला जवळ घेतलं नाही, घरातलं काय कुठे ठेवलंय ते सांगितलं नाही. सोमवारी घरी जाणारं माणूस असल्या गोष्टी कशाला सांगेल? ती निवांत झोपली.

त्याच दुपारी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. एक्मोवर रक्त गोठू नये म्हणून जे औषध द्यावं लागतं, त्यानंच तो झाला. सातव्या दिवशी डोळ्यांवर प्रकाश टाकला तरी बाहुल्या हलेनात. छोट्या खोलीत डॉक्टरांनी यंत्र थांबवायचं विचारलं. मिस्तरींनी लेकीकडे बघितलं, लेकीनं हो म्हणून मान हलवली, आणि दोघंही आत जाऊन पलंगाच्या दोन बाजूंना उभी राहिली. नळीतलं लाल आणि काळं रक्त हळूहळू एकाच रंगाचं झालं. बसवलेलं हृदय पडद्यावर थोडा वेळ बारीक बारीक उड्या मारत राहिलं आणि मग तेही थांबलं. मिस्तरींना त्याचा राग आला नाही. कुणाच्या तरी घरचं होतं ते, त्यांनी चांगल्या मनानं दिलं होतं.

निघताना त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "जुनं कुठंय?"

"तपासणी विभागात आहे. त्याचे तुकडे करून तपासतात."

"मिळतं का परत?"

डॉक्टरांनी मान हलवली. नाही मिळत. मिस्तरी म्हणाले, "पार्ट गिऱ्हाइकाचा असतो," आणि जिना उतरायला लागले.

आठव्या दिवशी दुपारी माणसं येऊन गेल्यावर घरात दोघंच उरली. पुढच्या खोलीत चार मशीनं कापडाखाली झाकलेली होती. लेक आईच्या मशीनपाशी बसली आणि उगाच खण उघडून बघू लागली. दोऱ्याची रिळं, खडू, बोटात घालायची टोपी. तळाशी कागदाची पुडी होती. तिनं ती उलटीपालटी करून वाचली आणि बापाच्या हातात दिली. पेन्सिलीनं घातलेली तारीख त्या दिवसाची होती.

मिस्तरींनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघे टेकून बसले आणि मशीन तिरकं करून नवीन शटल उतरवलं. जुनं पुसलं, तेलाचा एक थेंब दिला आणि ते जागेवर बसवलं. हात नेहमीसारखे चालत होते, त्यांना काही झालेलं नव्हतं. काम झाल्यावर ते बाजूला सरकले.

लेकीनं चिंधी सुईखाली घातली आणि चाक फिरवलं. मशीन अडखळत निघालं. तीन टाके घाली, चौथा सोडी. पुन्हा तीन, पुन्हा एक सोडी. आवाजही थोडा घोगरा येत होता. पण दोरा तुटत नव्हता आणि चिंधी पुढे सरकत होती. लेकीनं ती शेवटपर्यंत शिवली, उलटून बघितली आणि मग तशीच दुसरी बाजूही शिवली.

"चालतंय की हे," ती म्हणाली.

"हो."

"मग काढलंत कशाला, बाबा?"

मिस्तरींनी खाली पडलेला कागद उचलला, नवीन शटल त्यात ठेवलं आणि गुंडाळायला लागले. तारीख घातलेली बाजू त्यांनी आत घेतली. लेक चाक फिरवत राहिली.